खिळ्याखालचं चामडं

“शेठ, सापडलं!” असं मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की शेजारच्या वर्कशॉपातला लेथवाला मशीन बंद करून धावत आला. त्याला वाटलं माझं बोट तुटलं. आमच्या उद्यमनगरात माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडतो तो बोट तुटल्यावरच.

मी फरशीवर उताणा होतो. अंगावर गाडीच्या मागच्या सीटचा लाकडी सांगाडा, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पक्कड. जयपाल शिरगुप्पे शेठ, ज्यांची ती गाडी, ते पांढऱ्या पँटीचा विचार न करता माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले.

“काय सापडलं, दस्तू?”

“ह्या कोपऱ्यात बघा. तीन गंजके खिळे राहिलेत. आणि खिळ्यांच्या डोक्याखाली काय दिसतंय?”

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. “कातडं हाय की रे!”

“मरून रंगाचं. अस्सल चामडं. रेक्झिन न्हवं.”

नखाएवढे तीन तुकडे. पण शेठच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मला वाटतं त्यांच्या फौंड्रीतून पहिली भट्टी उतरली तेव्हाही दिसला नसेल.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. ओळखणारे ओळखतील. विलायतेत तयार झालेली, सत्तेचाळीस सालची, पुढून गाल फुगवलेली आणि मागून उतरती, एवढं पुरे. शेठच्या वडिलांनी, म्हणजे डॉक्टर शिरगुप्प्यांनी, ती नवी घेतलेली. ते गेल्यावर शेडमध्ये दहा वर्षं धूळ खात पडली. शेठनी इंजिन नव्यानं बांधून घेतलं, पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, निकेल चढवलं. राहिल्या त्या गाद्या. पुढच्या हिवाळ्यात पुण्याला जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा होती, आणि तिथले परीक्षक म्हणे सीटखाली डोकं घालून बघायचे. नवं चालतं, पण मूळ होतं तसंच नवं पाहिजे. जरा इकडचं तिकडं झालं की गुण कापले.

मूळ काय होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. गाडी आली तेव्हा शेठ पाळण्यात होते. त्यांना कळायला लागलं तेव्हा सीटवर पांढरी खोळ असायची, डॉक्टरांना पेशंटमुळे गादी मळायचं भय. अडुसष्ट साली मूळ गाद्या पार झिजल्या म्हणून डॉक्टरांनी त्या फाडून हिरवं रेक्झिन चढवलं. पुढे ऐंशीच्या आसपास बेळगावच्या कुणी कारागिरानं ते हिरवंही काढलं आणि निळं ठोकलं. कापूससुद्धा बदलला. त्यामुळे मूळ कापड हातात धरलेला एकच माणूस जिवंत होता. अडुसष्ट साली ज्यानं ते फाडलं, तो. इलाही नदाफ, माझे अब्बा.

आणि अब्बांना बोलता येत नव्हतं.

त्या चौऱ्याण्णव सालच्या सुरुवातीला त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत काठीवर चालायचे. सगळी भाषा पुसली गेली आणि एकच शब्द शिल्लक राहिला, ‘बरं’. भूक लागली की बरं. पंखा बंद करा, बरं. लघवीला जायचंय, बरं. रागावले की तोच बरं इतक्या जोरात यायचा, की आंगणातली मांजरं पळायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आत सगळं शाबूत आहे, समजतंय त्यांना, फक्त बाहेर येत नाही. माझी बायको रझिया आवाजाच्या चढउतारावरून त्यांचं बरोबर ओळखायची. मला ते कधी जमलं नाही. मी दिवसभर दुकानात असायचो, अशी सबब मी सांगत असे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. ज्या माणसानं मला सुई कशी धरायची ते शिकवलं, शिकवताना आईमाईवरून शिव्या घातल्या, त्याच्या तोंडून नुसतं ‘बरं’ ऐकवत नव्हतं. आमचे आजोबा घरोघर फिरून कापूस पिंजायचे. गाडीच्या गाद्या शिवायला लागले ते अब्बा. कोल्हापुरात इलाहीचं कुशन म्हटलं की लोक पुढं काही विचारायचे नाहीत. आता पाटीवर नाव त्यांचं आणि आत बसायचा मी. येणारं गिऱ्हाईक आधी विचारायचं, “इलाहीभाई न्हाईत व्हय?” शिरगुप्पे शेठचं काम मला जमलं असतं, तर पहिल्यांदाच ते काम माझं म्हणून ओळखलं गेलं असतं.

तुकडे मिळाले त्याच आठवड्यात मी मरून चामड्याचे नमुने जमवले. गडद, फिका, तांबूस, काळपट, असे नऊ. संध्याकाळी अब्बांच्या कॉटवर ते ओळीनं मांडले आणि मधोमध डबीतले तीन तुकडे ठेवले.

“अब्बा, डॉक्टर शिरगुप्प्यांची गाडी आठवती? अडुसष्टची? तुम्ही मूळचं काढलं, ते हेच न्हवं? ह्यातला रंग कुठला ते तेवढं दाखवा.”

अब्बांनी तुकडा उचलला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बरं.”

“म्हणजे हेच?”

“बरं. बरं!” त्यांनी डाव्या हातानं पहिला नमुना कॉटवरून खाली ढकलला. मग दुसरा. मी हुरळलो, म्हटलं एकेक बाद करत चाललेत, राहील तो खरा. पण त्यांनी नऊच्या नऊ खाली ढकलले. रिकाम्या चादरीवर हात आपटला, मग दाराकडे बोट केलं. माझी बाही ओढली आणि पुन्हा दाराकडे बोट.

“बाहेर जायचंय त्यांना,” रझिया म्हणाली.

आम्ही दोघांनी धरून दारापर्यंत नेलं. दाराशी नेहमीसारख्या सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या. अब्बा तिथं वाकायला लागले, तोल गेला, मी कसंबसं सावरलं. पुन्हा वाकायला लागले.

“पडाल की अब्बा! काय करालाय?”

“बरं,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. आम्ही त्यांना परत कॉटवर झोपवलं. रझिया मला म्हणाली, “त्यास्नी काय तर सांगायचंय. तुमचं रंगाचं न्हाई, दुसरंच काय तर.”

“सगळे मरून आवडले न्हाईत त्यास्नी, एवढंच,” मी म्हटलं. मला घाई होती. ज्याला घाई असते त्याला उत्तर चटकन सापडतं.

शेठनी कुठून तरी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पैदा केलं होतं. त्यात ह्या गाडीच्या गाद्या चार रंगांच्या चामड्यात मिळत असं छापलेलं, आणि चारांत मरून होता. त्याच्या खालच्या ओळीत काही कापडांचीही नावं होती. आमच्यापाशी चामड्याचा तुकडा होता, म्हणून ती ओळ आम्ही वाचली आणि पान उलटलं.

मद्रासहून चामडं आलं. दोन महिने मी दुसरं काम घेतलं नाही. घोड्याच्या केसांचं भरण मिळवलं, स्प्रिंगा नव्यानं बांधल्या, कडेची गोट हातानं शिवली. टाका न् टाका मोजून घ्या असं काम. अजूनही म्हणतो, माझ्या हातून तसं काम पुन्हा झालं नाही. सीटवर हात फिरवताना मला स्वतःचाच हेवा वाटायचा.

स्पर्धेच्या आधी दोन आठवडे पुण्याचे एक परीक्षक, सरदेशमुख नावाचे, कोल्हापुरातल्या गाड्या पाहायला आले. शेठनी रुईकर कॉलनीतल्या बंगल्यावर चहापाणी ठेवलं. चाळीसेक माणसं, वर मांडव, मध्ये गाडी, चारी दारं उघडी. सरदेशमुखांनी डबीतले तुकडे भिंगातून पाहिले, सीटशी ताडून पाहिले आणि म्हणाले, “इतका पक्का पुरावा कुणी आणत नाही हो. लोक अंदाजानं शिवतात. हे काम कुणी केलं?”

शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “ह्यानं. आणि ह्याच्या वडिलांनी ह्याच्या आधी. आज इलाहीभाईंचा सत्कार करणार हाय मी.”

ही कल्पना शेठचीच. शाल, श्रीफळ, फेटा. मी सकाळीच अब्बांना आंघोळ घालून, धुतलेला सदरा चढवून, पायांत त्यांच्या जुन्या कोल्हापुरी वहाणा सरकवून रिक्षानं आणलं होतं. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसवलं. गाडी त्यांच्या समोरून फेरी मारून आणली, तेव्हापासून त्यांची चुळबूळ चालली होती. मला वाटलं, माझं काम बघून जीव भरून आला असेल. वाटणारच. मुलाला दुसरं काय वाटणार?

शेठ शाल घेऊन पुढे झाले. मी अब्बांना उठवलं आणि काठी धरवली. शाल खांद्यावर पडायच्या आत अब्बांनी काठी टाकून दिली. माझ्या आधारावर वाकले आणि डाव्या हातानं पायातली वहाण काढली. कुणाला काही कळायच्या आत मला ओढत ते गाडीच्या उघड्या दारापाशी पोचले होते. त्यांनी ती वहाण माझ्या नव्या कोऱ्या सीटवर थाडकन मारली. एकदा, दोनदा. मरून चामड्यावर धुळीचा तळवा उमटला. मग वळले आणि तीच वहाण शेठच्या तोंडासमोर धरली.

“बरं! बरं! बरं!”

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. पन्नाशीला आलेला, शे-दीडशे माणसांना पोसणारा गृहस्थ, स्वतःच्या दारात, पाहुण्यांसमोर, आणि तोंडासमोर चप्पल. त्यांच्या पुतण्यानं पुढे पाऊल टाकलं तसं शेठनी त्याला हातानं मागे सारलं.

मी अब्बांच्या हातातली वहाण हिसकून घेतली. ते सोडत नव्हते. डाव्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. बोटं एकेक करून उकलावी लागली. सगळे बघत होते. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “माफ करा शेठ. डोकं गेलंय त्यांचं. काही समजत न्हाई त्यास्नी आता.”

अब्बांना समजलं. त्यांचा हात तिथल्या तिथे खाली पडला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, ते मला अजून सहन होत नाही. रागाचं नव्हतं ते पाहणं. बुडणाऱ्या माणसानं काठावरच्या माणसाला हाक मारावी आणि काठावरच्यानं पाठ फिरवावी, तेव्हा तो कसा पाहत असेल, तसं.

रिक्षात ते रडले. मी दुसरीकडे बघत बसलो. घरी आल्यावर रझियानं विचारलं, तर मी एवढंच म्हटलं, “लाज आणली.” त्या दिवसानंतर त्यांनी ‘बरं’ म्हणणंही सोडलं. वहाण पायांत घालू देईनात. दाखवली की पाय आखडून घ्यायचे. तीन आठवड्यांनी दुसरा झटका आला. त्यानंतर ते माणसं ओळखतात की नाही, हेही कळेना. ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणतो.

स्पर्धेत शेठच्या गाडीला पहिला नंबर मिळाला. गाद्यांना पैकीच्या पैकी. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी कोपऱ्यात आहे, हसतोय. शेठ मोठ्या मनाचे, त्यांनी मांडवातला विषय पुन्हा काढला नाही. पण दुकानी आले की पूर्वीसारखं “इलाहीभाई कसे हायत?” विचारणं मात्र बंद झालं.

उन्हाळ्यात गंगावेशीतल्या एका सलूनची जुनी खुर्ची माझ्याकडे आली. मालक गजानन टिपुगडे, सत्तरीचे, आता सलून मुलगा चालवायचा. खुर्ची त्यांना आपल्या वडिलांची आठवण म्हणून नव्यानं करून हवी होती.

“ही तुझ्या बापानंच शिवलेली हाय,” टिपुगडेकाका म्हणाले. “सदुसष्ट साल. तवापास्नं कुणी हात लावलेला न्हाई.”

मी खुर्ची पालथी घातली. काळं रेक्झिन, कडेनं ओळीनं खिळे, जसेच्या तसे. पहिला खिळा उपटला आणि त्याच्याबरोबर एक नखाएवढी चकती बाहेर आली. चामड्याची, मरून. खिळ्याचं डोकं आणि रेक्झिन यांच्या मधोमध. दुसरा उपटला, तीच चकती. तिसऱ्या चकतीवर बारीक ठोकलेली नक्षी होती, आपल्या कोल्हापुरी वहाणेच्या पट्ट्यावर असते ती.

“काका, हे काय हाय?”

“ते व्हय? खिळ्याचं डोकं रेक्झिन फाडतंय म्हणून इलाही मधी कातड्याचा तुकडा घालायचा. चप्पल लाइनीत जाऊन कातरण आणायचा पिशवी भरून. तांबडं, मरून, मिळंल ते. लोक हसायचे, म्हणायचे इलाहीच्या गादीला वहाणा लावल्यात. पर फाटायची न्हाई बघ गादी. तुला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. मी हाताखाली आलो तेव्हा दुकानात पिनांची गन आली होती, आणि पिनेला चकती लागत नाही. अडुसष्ट साली अब्बांनी हिरवं रेक्झिन ठोकताना ज्या चकत्या घातल्या, त्यातल्या तीन बेळगाववाल्याच्या हातून सुटल्या. त्या मी मूळ चामडं म्हणून डबीत घातल्या, परीक्षकाला दाखवल्या आणि अख्खी गाडी त्या रंगात शिवली. कोल्हापुरी वहाणेच्या कातरणावरून विलायती गाडी. आणि अब्बा कॉटवरून दाराकडे बोट करत होते. चपलांकडे वाकत होते. शेवटी भर मांडवात वहाण सीटवर आपटून, शेठना दाखवून, ‘बरं, बरं’ करून सांगत होते, की अरे बाबांनो, हे तुकडे ह्याचे आहेत, ह्याचे!

तशीच मोटरसायकल काढून शेठकडे गेलो. सगळी हकिकत सांगितली. टेबलावर त्या नक्षीच्या चकत्या ठेवल्या. शेठनी त्या एकेक करून उचलून पाहिल्या.

“म्हणजे इलाहीभाई माझ्यावर चप्पल उगारत न्हवते?”

“न्हाई, शेठ.”

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मी त्या दिवसापास्नं आठवालोय, माझ्या वडिलांनी त्यांचं काय वाईट केलं असंल. रात्री झोप न्हाई रे.” मग उठून उभे राहिले. “दस्तू, ते कप-बिप मी परत पाठवतो. गाद्या उसकट. मूळ होतं ते घाल. त्या माणसासमोर नेऊन उभी करतो गाडी आणि पाय धरतो त्यांचे. मूळ काय होतं सांग.”

“ते त्यांनाच ठावं.”

“मग विचार की! कातडं न्हाई तर कापड असंल. पुस्तकात हुतीच की नावं. समदी कापडं घेऊन जा, विचार!”

शाहूपुरीतलं एक दुकान सोडलं नाही. लोकर घेतली, राखाडी आणि बदामी. जाड कॉर्ड, मखमल, चौकड्याचं सुताडं, पडद्याचं, कोटाचं, मिळेल ते वितीएवढं कापून घेतलं. टोपलीभर झालं. घरी पोचलो तेव्हा दुपारची उन्हं कॉटवर आली होती. अब्बा भिंतीला टेकून बसलेले, रझियानं नुकतीच दाढी करून दिलेली, चेहरा लहान मुलासारखा स्वच्छ.

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसलो. आधी ते बोललो जे टोपलीपेक्षा जड होतं.

“अब्बा, तुमचं खरं होतं. टिपुगड्यांची खुर्ची उघडली मी आज. चकत्या बघितल्या. तुम्ही सांगत होता ते मला कळलं न्हाई. मी लोकांत म्हटलो डोकं गेलंय. माझं गेलं होतं. ऐकताय न्हवं?”

ते माझ्याकडे बघत होते. मी एकेक कापड त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवत गेलो. “हे होतं का? राखाडी? हे बघा, ही कॉर्ड. शेठ सगळं उसकटणार हायत. तुम्ही नुसता हात ठेवा. हे?”

हात ठेवल्या जागी पडून होता. राखाडीवर तसाच, मखमलीवर तसाच, चौकड्यावर तसाच. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रझिया दारात उभी होती, ती म्हणाली, “पुरे करा आता.” मी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा सगळी कापडं फिरवली. मी ओरडलोसुद्धा, “अब्बा, सांगा की!” आणि ओरडल्याबरोबर मला रडू फुटलं, दुकानात बसणाऱ्या बाप्याला शोभणार नाही असं.

अब्बांच्या कपाळाला आठी पडली. समोरचा हा कोण, का रडतोय, हे त्यांना उमगत नसावं, पण रडणाऱ्याला असं खाली बसू देऊ नये एवढं आत कुठंतरी राहिलं असावं. ते हळूहळू भिंतीकडे सरकले. मग डाव्या हातानं चादरीवरची सुरकुती सारखी केली, हातानंच थोडं झटकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुकानात अनोळखी गिऱ्हाईक आलं की ते बाकावर अशी जागा करून द्यायचे.

तेवढ्या जागेत मी बसलो.